1 जुलैपासून मागे मोजायचं वर्ष

प्रश्न: मावशी, नमस्कार. मी अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आठवीत असताना आम्ही इकडे आलो, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळते, सांभाळून घ्या. एप्रिलअखेर कोअर रोटेशन्स, म्हणजे मुख्य विभागांतल्या सक्तीच्या पाळ्या, संपतील. चौथ्या वर्षाचं वेळापत्रक या शुक्रवारपर्यंत भरून द्यायचंय आणि महिन्यांचे बाराच्या बारा चौकोन कोरे आहेत. इंटर्नल मेडिसिन की ॲनेस्थेशिया, तेच ठरत नाही. एक मैत्रीण तीन अवे रोटेशन्स, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या हॉस्पिटलांत जाऊन काम, करतेय, दुसरी म्हणते चौथं वर्ष म्हणजे सुट्टीच. स्टेप टू, म्हणजे लायसन्सची दुसरी परीक्षा, कधी द्यावी? जिथे नंबर लागायची खात्री असेल तीच जागा रेझिडेन्सीच्या (डॉक्टर झाल्यावरच्या प्रशिक्षणाच्या) रँक लिस्टमध्ये, म्हणजे पसंतीच्या यादीत, वर ठेवायची, असं एक सीनियर सांगतो, ते खरं का? आणि शेवटचं. माझी आजी भारतात असते, 84 वर्षांची आहे. चार वर्षांत भेट नाही. जानेवारीत महिनाभर गेले तर वाईट दिसेल का?

उत्तर:

तुझं मराठी कुठेही अडखळलेलं नाही, ती काळजी आधी सोड.

तू चौकोन मे महिन्यापासून भरायला बसलीस, म्हणून घोळ होतोय. शेवटाकडून सुरुवात कर. पुढच्या वर्षी 1 जुलैच्या आसपास तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर डॉक्टर असं लिहिलेलं असेल, ऑर्डर तुझ्या नावाने जाईल आणि रात्री नर्सचा फोन तुलाच येईल. त्या दिवशी तुला काय यायला हवं, ते आधी ठरव आणि तिथून मागे मोजत ये. अर्ज, परीक्षा, मुलाखती हे सगळं त्या वाटेवर लागतंच, पण वर्ष त्यांच्यासाठी नाही.

हे मी का सांगते, ते ऐक. इंटर्न, म्हणजे रेझिडेन्सीच्या पहिल्या वर्षाची डॉक्टर, म्हणून माझी पहिलीच नाइट होती. दोनच्या सुमाराला नर्सचा फोन आला, एका पेशंटचं ब्लडप्रेशर 84 वर आलंय. मी कॉम्प्युटर उघडला. ॲडमिशन नोट वाचली, लॅब्ज पाहिल्या, संध्याकाळी कोणती औषधं दिली ते पाहिलं, कालचं ब्लडप्रेशर शोधलं. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात ती नर्स स्वतः दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही आधी येऊन त्यांना बघा." गेले. हात गार, कपाळावर घाम. चादर बाजूला केली तर खाली डांबरासारखी काळी शौच. पोटात रक्तस्राव होत होता आणि कॉम्प्युटरमध्ये त्याचा मागमूस नव्हता. सीनियरला बोलावलं, दोन्ही हातांत जाड कॅन्युला लावल्या, रक्त मागवलं. ते गृहस्थ वाचले. पण आधी पेशंटजवळ जायचं आणि मग स्क्रीनकडे, हे मी चौथ्या वर्षातच अंगी बाणवून यायला हवं होतं. माझं चौथं वर्ष सगळं अर्जात गेलं होतं.

म्हणून पहिला चौकोन भरायचा तो जुलैचा, मेडिसिनच्या सब-इंटर्नशिपचा, म्हणजे सब-आयचा. त्यात विद्यार्थी देखरेखीखाली इंटर्नचं काम करतो. ॲनेस्थेशिया घ्यायचं ठरलं तरीही. जुलैत नवे इंटर्न आलेले असतात, सगळेच चाचपडत असतात, आणि तुला ते अगदी जवळून बघायला मिळतं. सब-आय नुसती चांगला शेरा मिळवण्यासाठी करू नकोस. रोज एक सवय ठेव. तुझ्या पेशंटबद्दल काही नवं घडलं की रेझिडेंटकडे जाण्याआधी खिशातल्या कागदावर तीन ओळी लिही: काय झालंय असं वाटतं, मी आत्ता काय करेन, आणि कशाची भीती वाटते. मग रेझिडेंटशी बोल आणि त्याचं उत्तर त्याखाली लिही. सुरुवातीला पहिली ओळ चुकेल. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तीच ओळ जमू लागते, पण तिसरी जमायला महिना लागतो, आणि इंटर्नला वाचवते ती तिसरीच ओळ. रात्रीच्या साइन-आउटला थांब. जाणारा माणूस येणाऱ्याला काय सांगतो आणि काय सांगायचं राहून जातं, ते कान देऊन ऐक. शक्य असेल तर नाइट माग. दिवसा अवतीभवती माणसं असतात, रात्री तुझा विचार तुलाच ऐकू येतो.

आता मे. मे पूर्ण स्टेप टूला दे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा देऊन मोकळी हो. जानेवारी 2022 पासून स्टेप वनचा निकाल फक्त पास-नापास झाला, त्यामुळे रेझिडेन्सीच्या प्रोग्रामसमोर आकड्यात येणारा गुण एवढाच उरलाय. मेडिसिन, सर्जरी, पेडियाट्रिक्स, ऑब-गायनी ही रोटेशन्स नुकतीच संपलेली असतील, तोवर ते डोक्यात ताजं असतं. ऑगस्टपर्यंत ढकललंस तर सब-आय आणि अर्ज दोन्हीच्या मध्ये ती परीक्षा येऊन बसेल. निकाल यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे जूनमध्ये दिलीस तर अर्ज पाठवताना गुण हातात असतील. सराव परीक्षेत गुण खूपच कमी येत असतील तर मात्र तारीख दोन आठवडे पुढे घ्यायला लाजू नकोस. एकदा आलेला निकाल बदलता येत नाही.

जूनचे उरलेले आठवडे ॲनेस्थेशियाला दे, म्हणजे ते आणि मेडिसिनची सब-आय पाठोपाठ येतील. निवड तिथेच होईल, घरी बसून होणार नाही. "दोन्ही आवडतात" हे कारण पुरत नाही, कारण विद्यार्थ्याला प्रत्येक विषयाचा चांगला भागच दाखवला जातो. तू दुपारी तीनकडे बघ. मेडिसिनमध्ये दुपारी तीनला कुटुंबाबरोबर बसून सांगायचं असतं की बाबा घरी एकटे राहू शकणार नाहीत. चौदा औषधांची यादी जुळवायची असते, रिहॅबमध्ये जागा मिळेपर्यंत फोन करत राहायचं असतं. हे करताना तुझा जीव त्या कुटुंबात अडकतो, की तू घड्याळ बघतेस? ॲनेस्थेशियात दुपारी तीनला एकच पेशंट असतो, झोपलेला, आणि तू त्याच्या उशाशी. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज ऐकत राहशील. ऑक्सिजन उतरायला लागला की तो टिक्-टिक् स्वर खालच्या पट्टीत जातो. अनुभवी माणसाचं डोकं स्क्रीनकडे वळण्याआधीच हात कामाला लागलेला असतो. त्या स्वराची गोडी लागली, तास-दोन तास काहीच न घडणं हेच आपलं काम आहे असं वाटलं, तर तो विषय तुझा. पण ज्या माणसाला ऑपरेशनआधी दहा मिनिटांत धीर दिलास, त्याला रिकव्हरीत सोपवल्यावर तो पुन्हा बहुतेक भेटणार नाही. ते तुला चालेल का, हेही स्वतःला विचार. मला चालत नव्हतं. माझ्या वर्गातल्या सगळ्यात हळव्या मुलीला मात्र नेमकं तेच मानवलं.

वर्षांचा हिशोबही डोळ्यांसमोर असू दे. मेडिसिनची रेझिडेन्सी तीन वर्षांची, पुढे हवी तर एखाद्या उपशाखेची फेलोशिप. ॲनेस्थेशियाची चार, त्यातलं पहिलं वॉर्डातलं. काही ॲनेस्थेशिया प्रोग्राम चारही वर्षं एकाच ठिकाणी देतात, काही दुसऱ्या वर्षापासून घेतात आणि पहिल्या वर्षासाठी वेगळीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज करताना हे प्रत्येक ठिकाणी नीट वाच. आयसीयूची ओढ असेल तर घाबरू नकोस, क्रिटिकल केअर फेलोशिपला दोन्ही दारांतून जाता येतं. ऑगस्टचा चौकोन पेन्सिलने भर, जुलैत जे कळेल त्याप्रमाणे बदल. दोन्हींकडे एकदम अर्ज करणं शक्य आहे, पण त्यासाठी वेगळी शिफारसपत्रं, वेगळं पर्सनल स्टेटमेंट आणि दुप्पट मुलाखती लागतात. ऑगस्टअखेर ठरलं तर ते टाळ.

अवे रोटेशन्सचं थोडक्यात सांगते. तुझी मैत्रीण ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी किंवा ईएनटी करणार असेल तर तिचं बरोबर आहे. तिथे ती अपेक्षाच असते, आणि इमर्जन्सी मेडिसिनमध्ये त्यातूनच त्यांचं ठरावीक पत्र मिळतं. इंटर्नल मेडिसिनला सहसा गरज नाही. ॲनेस्थेशियाला एखादं पुरे, तेही एखाद्या शहरात खरोखर राहायचं असेल तरच. दोन घरांचं भाडं, विमानं आणि परक्या कॉम्प्युटरवर वाया जाणारा पहिला आठवडा, हे सगळं तीनदा कशाला?

शिफारसपत्रांबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण निवड समितीत बसून मी पत्रंच सगळ्यात लक्षपूर्वक वाचते. प्रत्येक प्रोग्रामला जास्तीत जास्त चार जोडता येतात. मोठ्या नावाच्या माणसाने लिहिलेलं "मेहनती, वक्तशीर, टीममध्ये मिसळणारी" असं पत्र वाचून काहीही कळत नाही. एका साध्या अटेंडिंगने, म्हणजे वॉर्डातल्या वरिष्ठ डॉक्टरने, लिहिलं होतं की एका पेशंटला इन्शुलिन टोचून घ्यायची इतकी भीती वाटत होती की ही मुलगी तीन दिवस जेवणाआधी त्याच्याशेजारी बसून त्याच्याच हाताने त्याला करायला लावत होती. त्या मुलीला आम्ही यादीत बरंच वर घेतलं. म्हणून ज्याने तुला काम करताना पाहिलंय, त्याच्याकडेच पत्र माग, आणि रोटेशन चालू असतानाच, समोर उभं राहून. नुसतं "पत्र द्याल का?" विचारू नकोस. "तुम्ही मला भक्कम पत्र देऊ शकाल का?" असं विचार. समोरचा क्षणभर घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. मेडिसिनला बऱ्याच ठिकाणी विभागाचं पत्रही लागतं, त्याची चौकशी उन्हाळ्याआधीच कर. ॲनेस्थेशियाकडे वळलीस तर किमान एक पत्र ॲनेस्थेशियॉलॉजिस्टचं असू दे. पत्र स्वतः वाचण्याचा हक्क सोडून दे, नाहीतर वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

अर्ज ईआरएस या ऑनलाइन व्यवस्थेतून सप्टेंबरच्या सुरुवातीपासून पाठवता येतो आणि प्रोग्राम तो महिन्याच्या अखेरीस उघडतात. डीनचं पत्र, म्हणजे एमएसपीई, त्याच सुमारास येतं. पहिल्याच दिवशी पाठवण्याची घाई नको, पण प्रोग्राम उघडतील त्या दिवशी तो तिथे असलाच पाहिजे. म्हणून सप्टेंबरला हलकं रोटेशन घे. अनुभवांसाठी दहाच जागा आहेत, त्यातले तीन सगळ्यात महत्त्वाचे म्हणून निवडायचे. दहा भरायच्याच असं नाही. मुलाखतीत ज्याबद्दल दहा मिनिटं मनापासून बोलता येणार नाही, ते लिहू नकोस. सिग्नल म्हणजे "तुमच्याकडे मला विशेष यायचंय" असं मोजक्या प्रोग्रामना अर्जाबरोबर कळवणं, त्यात गोल्ड सिल्व्हरपेक्षा वरचा. त्याचा वापर विचार करून कर. गेल्या काही सीझनमध्ये इंटर्नल मेडिसिनला 3 गोल्ड आणि 12 सिल्व्हर मिळत होते, ॲनेस्थेशियाला 5 आणि 10. तुझ्या वर्षीचा आकडा आणि नियम तपासून घे. स्वतःच्या कॉलेजचा प्रोग्राम मनापासून हवा असेल तर त्यालाही सिग्नल दे. "ते आपल्याला ओळखतातच" या भरवशावर राहू नकोस. आणि शंभर ठिकाणी अर्ज करू नकोस. ठरावीक संख्येनंतर दर अर्जाची फी वाढत जाते. किती पुरेत, ते तुझे गुण घेऊन सल्लागारासमोर बसून ठरव.

नोव्हेंबर आणि डिसेंबर मुलाखतींचे. 2020 पासून बहुतेक मुलाखती व्हिडिओवर होतात, त्यामुळे प्रवास वाचला, पण सकाळी राउंड आणि दुपारी मुलाखत असं करू गेलीस तर दोन्हीकडे अर्धीच असशील. या दोन्ही महिन्यांत वेळ हातात राहील अशी इलेक्टिव्ह घे, म्हणजे रेडिऑलॉजी, रिसर्च, ईसीजी वाचन यांपैकी काहीतरी. प्रत्येक मुलाखत संपली की त्याच संध्याकाळी पानभर लिहून ठेव. तिथले रेझिडेंट एकमेकांशी कसे बोलत होते, कुणी थकलेलं दिसलं का, तुला हसायला आलं का. फेब्रुवारीत बारा प्रोग्राम एकमेकांत मिसळून जातात, तेव्हा तीच पानं कामी येतात.

आता तुझ्या सीनियरने सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ. त्याचं म्हणणं चूक आहे, आणि ते ऐकून दरवर्षी कुणीतरी स्वतःचं नुकसान करून घेतं. मॅच, म्हणजे विद्यार्थी आणि प्रोग्राम यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवायची पद्धत, 1952 पासून चालू आहे. नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांनी तक्रार केली की जुनी पद्धत हॉस्पिटलांच्या बाजूला झुकते. मग ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने ती नव्याने बांधली. 1998 पासून कॉम्प्युटर विद्यार्थ्याच्या यादीपासून सुरुवात करतो. रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या कामासाठी.

पद्धत कागदावर करून बघ. तुला मनापासून अ हवाय, पण तिथे लागेल असं वाटत नाही. ब मध्ये जवळजवळ खात्री आहे, त्यांनी तुला तिसऱ्या नंबरवर ठेवलंय आणि त्यांच्याकडे पाच जागा आहेत. तू प्रामाणिकपणे अ पहिला आणि ब दुसरा लिहिलास. कॉम्प्युटर आधी तुला अ कडे नेतो. तिथे जागा झाली नाही, तर ब कडे आणतो. तोवर ब च्या पाचही जागा भरलेल्या असू शकतात, त्यातल्या एकीवर असा एक जण बसलाय ज्याने ब पहिला लिहिला होता, पण ब ने त्याला नववा ठेवलाय. त्या सगळ्या जागा तात्पुरत्या असतात. ब ला तू जास्त हवीस, म्हणून तो उठतो आणि तू बसतेस. तू ब ला दुसरं लिहिलंस याची शिक्षा तुला कुठेच होत नाही, कारण तुझी यादी ब ला दिसतच नाही. म्हणजे अ वर ठेवून तू काहीच गमावलं नाहीस. ब वर ठेवला असतास तर अ ने तुला घ्यायचं म्हटलं असतं तरी तुला ते कधी कळलंही नसतं.

तेव्हा यादी करताना फक्त एवढंच विचार: दोन्ही पत्रं हातात आली तर मी कोणतं उघडेन? त्याच क्रमाने लिही. जिथे कुठल्याही परिस्थितीत जायचं नाही, ती जागा यादीत घालूच नकोस, कारण मॅच झाली की ती बंधनकारक असते. आणि एखाद्या प्रोग्रामने "आम्हाला कितव्या नंबरवर ठेवणार?" असं विचारलं, तर ते नियमाबाहेर आहे. उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. त्यांनी "तू आम्हाला फार आवडलीस" असं ईमेल पाठवलं तरी यादी हलवू नकोस.

आता आजी. जा. वाईट दिसण्याचा प्रश्नच नाही. तुझं वेळापत्रक तुझ्या कॉलेजचं असतं, प्रोग्रामचं नाही. फक्त जानेवारीऐवजी फेब्रुवारीत जा. जानेवारीत उरलेल्या मुलाखती येऊ शकतात, आणि इथल्या पूर्वेकडच्या वेळेची सकाळी नऊची मुलाखत तिकडे संध्याकाळी साडेसातला पडते. आजीच्या घरात इंटरनेट धड चालतंय का, त्यापासून सुरुवात करावी लागेल. फेब्रुवारीत त्या संपलेल्या असतात. रँक लिस्ट भरायची मुदत फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला असते, आणि ती कुठूनही ऑनलाइन सर्टिफाय, म्हणजे अधिकृतपणे दाखल, करता येते. निघण्याआधी एकदा सर्टिफाय करून ठेव, मुदतीपर्यंत बदलता येतेच. मात्र मॅचच्या आठवड्यात इथे परत ये. मार्चमधल्या त्या सोमवारी मॅच झाली की नाही एवढं कळतं, आणि कुठे ते शुक्रवारी. देव करो आणि तशी वेळ न येवो, पण सोमवारी उत्तर नाही आलं तर सोपचे, म्हणजे उरलेल्या जागा भरायच्या फेरीचे, चार दिवस तासातासाने चालतात. त्या वेळी तू विमानात असून चालणार नाही.

महिनाभर आजीजवळ राहा. अभ्यासाचं पुस्तक नेऊ नकोस. दुसऱ्या मैत्रिणीच्या सुट्टीच्या सल्ल्यातलं एवढंच मला शंभर टक्के पटतं. रेझिडेन्सीत आठवड्याची मर्यादा 80 तासांची आहे, चार आठवड्यांच्या सरासरीने. भरपूर वेळ आणि कमी जबाबदारी असा महिना तुला पुन्हा बरीच वर्षं मिळणार नाही. 84 व्या वर्षी माणसाशी बोलायला सवड लागते. त्यांना ऐकू कमी येत असेल, एकच गोष्ट तीनदा सांगतील, औषधांचा डबा तुला दाखवतील. त्या डब्यातली प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते त्यांनाच विचार. डिस्चार्जच्या वेळी पेशंट मान डोलावतो तेव्हा त्याला नक्की किती कळलेलं असतं, हे मला माझ्या आजीच्या डब्यानेच शिकवलं.

एप्रिलमध्ये आयसीयू घे, किंवा कॉलेजात रेझिडेन्सीपूर्व कोर्स असेल तर तो. पॅलिएटिव्ह केअरचे दोन आठवडे मिळाले तर सोडू नकोस, वाईट बातमी कशी द्यायची ते शांतपणे बघायला तिथे मिळतं. लायसन्सचे कागद, लसी, दात, चष्मा हे सगळं मे संपायच्या आत उरक. पहिला पगार जुलैत जरा उशिराच येतो, तेव्हा घर बदलायचे आणि सुरुवातीच्या आठवड्यांचे पैसे बाजूला ठेव.

शुक्रवारच्या आत तीन कामं. कोऑर्डिनेटरला आजच मेल लिहून जुलैची मेडिसिन सब-आय माग, त्या जागा आधी भरतात. ॲनेस्थेशियाच्या विभागात जून मोकळा आहे का विचार. आणि तिसऱ्या वर्षाच्या मेडिसिन रोटेशनमधले ते अटेंडिंग, ज्यांनी तुझी प्रेझेंटेशन्स मध्येच न तोडता ऐकली असतील, त्यांना भेटायची वेळ माग. पत्रासाठी नको. जुलैत माझ्याकडे लक्ष ठेवाल का, एवढंच विचारायला.